मदत हवी आहे: वेबफ्लक्समधे क्वेरी रिक्वेस्ट अडकताहेत

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांसाठी केळीच्या भावाचं छोटं ॲप बनवतोय, सर्व्हर स्प्रिंग वेबफ्लक्सवर (थोड्या थ्रेडवर खूप रिक्वेस्ट सांभाळणारं जावाचं फ्रेमवर्क) आहे आणि मोबाईलवरून तालुका, तारीख असे क्वेरी पॅरामीटर येतात. पाच-दहा जण असले की मस्त चालतं, पण सकाळी भाव टाकले की सगळे एकदमच उघडतात आणि मग सर्व्हर गप्पच होतो, सीपीयू तर रिकामा दिसतो.

मला वाटतं चूक माझीच आहे, डेटाबेसला जेडीबीसीनेच (जावाची डेटाबेसशी बोलायची नेहमीची पद्धत) बोलतोय आणि ते ब्लॉकिंग, म्हणजे उत्तर येईपर्यंत थ्रेड अडकून राहतो. मशीन २ कोअरचं, म्हणजे नेटीचे (वेबफ्लक्सखालचा सर्व्हर) इव्हेंट लूपचे, रिक्वेस्ट घेणारे थ्रेड ४च, ते चारही डेटाबेसची वाट बघत बसले तर पाचव्या माणसाची रिक्वेस्ट घेणार कोण? म्हणून ती क्वेरी मोनो डॉट फ्रॉमकॉलेबलमधे टाकून सबस्क्राइबऑनला बाउंडेडइलॅस्टिक (ब्लॉकिंग कामासाठीचे वेगळे थ्रेड) दिलं. फरक पडला, पण ते थ्रेड २० आणि हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणारा) पूल १० कनेक्शनचा, म्हणजे रांग फक्त तिथून इथे सरकली असं दिसतंय.

आता पूल वाढवू, का सरळ आरटूडीबीसीवर (जेडीबीसीचा ब्लॉक न होणारा पर्याय) जाऊ? टेबलं चारच आहेत, पण जॉइन बरेच आहेत. कोणी असं बदललं असेल तर सांगा ना, ट्रान्झॅक्शनला काय अडचण आली ते पण.

अजून एक, हँडलरमधे क्वेरीपॅरामच्या ऑप्शनलवर (पॅरामीटर असेल किंवा नसेलही) सरळ गेट करतो, तारीख नसली की ५०० (सर्व्हरची चूक) जातो. मला ४०० (रिक्वेस्टच चुकीची) पाठवायचाय, तर तपासणी प्रत्येक हँडलरमधे लिहू का फिल्टरमधे?

केळीचा सीझन जोरात आहे दादा, लोकं भाव बघूनच गाडी भरतात, लवकर सांगा.