धुरावरच्या पोर्क बरगड्या: आधी कुकर की थेट ड्रम?

निखारा
'बरगड्यांना आधी कुकरात दोन शिट्ट्या द्या, मग ड्रमवर (झाकण असलेल्या पिंपाच्या शेगडीवर) धुरी द्या' हा सल्ला सोलापुरात सर्रास मिळतो. माझ्या मते बरगड्या बिघडतात त्या इथेच. कुकरात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) विरघळून पाण्यात उतरतं आणि चव रश्श्याला लागते. शिवाय धूर धरतो तो कच्च्या, थंड, ओलसर मांसाला. शिजलेल्या मांसाला नुसता वरून वास लागतो, आतली गुलाबी कड येत नाही.

थेट ड्रमवर असं करा: हाडांच्या बाजूचा पातळ पडदा चमच्याच्या दांड्याने उचकटा, कोरड्या फडक्यात धरून ओढा. तो राहिला तर मीठ-मसाला आत जात नाही आणि खाताना चिवट लागतो. निखारे एका बाजूला, बरगड्या दुसऱ्या बाजूला, जाळीखाली पाण्याचं पातेलं. जाळीपाशी ११० ते १२० अंश राखा, साधारण पाच तास.

भीमाकाठ
सहमत नाही. तुमचं गणित जाड, चरबीदार बरगड्यांचं आहे. इथल्या गावठी डुकराच्या बरगड्यांची फळी लहान, हाडावर मांस जेमतेम बोटभर. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती पाच तास ठेवली तर वातड होणार. आणि पोर्कमध्ये पट्टकृमीची (टेपवर्मची) भीती असते. कुकर म्हणजे खात्री.

निखारा
भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. मांसात या कृमीचे तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फोड दिसले तर ते घेऊच नका, शिजवून चालवायचा विचारही नको. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निकष अख्ख्या तुकड्यासाठी आत ६३ अंश आणि उतरवल्यावर ३ मिनिटं विश्रांती असा आहे. बरगडी मऊ होते ती ९० ते ९५ अंशांना, म्हणजे ती हद्द कधीच मागे पडलेली असते. रंगावर जाऊ नका, धुरावरचं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहतं.

पातळ फळीबद्दल मात्र तुमचं बरोबर. तिला पाच तास नकोत.

चुलीपाशी
तुम्ही दोघं तासांवर भांडताय, लाकडाचं काय? वेडी बाभूळ फुकट मिळते म्हणून ओली घालतात, पांढरा दाट धूर निघतो आणि मांस कडू होतं. ती अमेरिकेतल्या मेस्कीटच्याच कुळातली, धूर उग्र. तिचे आधी निखारे करून घ्या. धुरासाठी आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं, मुठीएवढं लाकूड एका वेळी एकच. कडुनिंब नको. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे. झाकणाचं भोक बंद करू नका, धूर कोंडला की काजळी धरते.

आणखी एक: ६५-७० अंशांना मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा तासभर हलत नाही, कारण पाणी उडताना मांस थंड होत राहतं. तिथे घाबरून निखारे वाढवले की वरचा थर करपतो.

भीमाकाठ
लाकडाचं मान्य. पण तो थांबलेला तास पातळ फळीला परवडत नाही, मुद्दा तोच आहे. कुकर नको तर मोदकपात्रात २० मिनिटं वाफ द्या. पाण्यात फारसं काही जाणार नाही.

निखारा
वाफ द्यायचीच तर नंतर द्या. आधी २ तास न गुंडाळता धूर. फळी गडद लालसर झाली की फॉईलमध्ये दोन चमचे पाणी किंवा ताक घालून घट्ट गुंडाळा, पाऊण तास. मग उघडून १५ मिनिटं. ३-२-१ (३ तास धूर, २ तास फॉईलमध्ये, १ तास उघडून) हा प्रसिद्ध हिशोब जाड, मोठ्या फळीचा, तो इथे लावलात तर हाड हातात आणि मांस फॉईलमध्ये राहील. गूळ असलेला लेप फक्त त्या शेवटच्या १५ मिनिटांत लावा. काळा मसालाही तेव्हाच, तो आधीच भाजलेला असतो.

भीमाकाठ
हाडावरून सुटणारं मांस वाईट का ठरवता? भाकरीसोबत तेच चांगलं, चुरता येतं.

निखारा
भाकरीत चुरायचं असेल तर फॉईलमध्ये आणखी अर्धा तास ठेवा, हरकत नाही. पण दाताने तोडून खायच्या असतील तर चिमट्याने एका टोकाकडून एक तृतीयांशावर उचला. फळी वाकून वरच्या थराला भेग पडली की उतरवा. तुटून पडली तर वेळ गेली. हाडाचं टोक बोटाच्या अर्ध्या पेराएवढं उघडं दिसतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोन हाडांमध्ये काडी खुपसा, लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे.