ओसाड मनोरुग्णालये: पाडायची की राखायची?

चौकस
न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयाची १८७६ची मुख्य इमारत २०१५ मध्ये पाडली. तेव्हापासून जुन्या वास्तूंच्या चाहत्यांनी जो गळा काढलाय तो अजून थांबलेला नाही. 'असं दगडकाम आता होणे नाही' वगैरे. माझं मत उलट आहे, कडू लागलं तरी चालेल. पाडली ते बरं केलं.

या भिंतींआड काय चालायचं ते जगजाहीर आहे. १९५५च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. वेस्ट व्हर्जिनियातलं वेस्टनचं इस्पितळ अडीचशे रुग्णांसाठी बांधलेलं, १९५०च्या दशकात तिथे २,४०० जण राहत होते. १९९४ला ते बंद झालं, पुढे लिलावात विकलं गेलं, आणि आज तिथे रात्री तिकीट काढून भुतं बघायला लोक जातात. 'वारसा जतन' म्हणतात तो हाच असेल तर बुलडोझर जास्त सभ्य. जागा मोकळी करा, लोकांना राहायला घरं बांधा.

जुनी वीट
भुतांच्या सहली किळसवाण्या आहेत, त्यावर वाद नाही. पण त्या दुकानदाराचा राग इमारतीवर का?

या इमारतींचा नकाशा थॉमस किर्कब्राइड या डॉक्टरच्या डोक्यातून आला. १८५४ मध्ये त्याने मनोरुग्णालय कसं बांधावं यावर पुस्तक लिहिलं. मधोमध कार्यालय, दोन्ही बाजूंना थोडे थोडे मागे सरकत गेलेले पंख, म्हणजे प्रत्येक वॉर्डला ऊन आणि वारा मिळावा. भोवती बाग, शेत. रुग्ण अडीचशेच्या वर नकोत, हा त्याचा आग्रह. त्याआधी वेडसर ठरवलेली माणसं तुरुंगात किंवा अनाथ-भिकाऱ्यांच्या आश्रमात साखळीला असायची. एका जागेत दहापट माणसं कोंबली ती सरकारांनी, पैसे वाचवायला. हे समजायला ती जागा डोळ्यांनी बघावी लागते. पानभर मजकुरातून त्या वॉर्डची रुंदी कळत नाही.

आणि वापर होत नाही असंही नाही. मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीचं मनोरुग्णालय १९८९ला बंद पडलं. आज त्याच विटांच्या आत घरं आहेत, दुकानं आहेत, खानावळी आहेत. उलट मॅसॅच्युसेट्समधलं डॅन्व्हर्स बघा. १८७८चं इस्पितळ, २००६ मध्ये बहुतेक सगळं पाडलं, मधला दर्शनी भाग तेवढा ठेवला आणि मागे अपार्टमेंट उभी केली. त्यापेक्षा पूर्ण पाडलेलं परवडलं, निदान मुखवटा तरी नसता.

हिशेबी
दोघेही भावनेच्या भरात आहात, म्हणून थोडं व्यवहाराचं.

इस्पितळ बंद झालं की आधी हीटिंग बंद होतं. हिवाळ्यात नळ गोठून फुटतात, छताला भोक पडतं, पाणी आत येतं, लाकडी तक्तपोशी कुजते. मग भंगारचोर तांब्याचे पाइप नेतात. मालक (बहुतेकदा सरकारच) वीस वर्षं काही करत नाही आणि मग अभियंत्याचा अहवाल येतो: दुरुस्तीपलीकडे. पाडायचा निर्णय खरा त्या पहिल्या हिवाळ्यातच झालेला असतो, फक्त त्यावर कोणी सही केलेली नसते. वाचवायची तर पहिल्या वर्षी छप्पर धरा. नंतरचे मोर्चे उशिराचे.

त्यात अॅस्बेस्टॉस, शिशाचा रंग. भिंती जाडजूड आणि भारवाहक, त्यामुळे खोल्यांची फेररचना महाग. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या मनोरुग्णालयाचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही, मीच देतो. रिचर्डसनसारखा वास्तुविशारद, ओल्मस्टेड या नामवंत उद्यानरचनाकाराची बाग, राज्याने ओतलेले कोट्यवधी डॉलर. २०१७ला हॉटेल सुरू झालं, २०२१ला बंद पडलं, २०२३ला नव्या नावाने पुन्हा उघडलं. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या इमारतीची ही गत, तर बाकीच्यांचं काय? लंडनजवळच्या केन हिल मनोरुग्णालयात बहुतेक सगळं पाडून कार्यालयाची इमारत मुद्दाम ठेवली होती. २०१०ला तीही जळाली.

शरयू
मी याच क्षेत्रात काम करते. मला या वादात एक गोष्ट सारखी खटकते. जागा विकून आलेला पैसा कुठे गेला, हे कोणी विचारतच नाही. मोठी इस्पितळं बंद करताना सांगितलं होतं की उपचार आता वस्तीत, घराजवळ मिळतील. त्यासाठीचा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा कायदा १९६३चा. वस्तीतली उपचारकेंद्रं ठरली त्यापेक्षा कितीतरी कमी उभी राहिली. रुग्ण रस्त्यावर आणि तुरुंगात गेले. त्यामुळे 'घरं बांधा' म्हणणाऱ्या चौकस यांना प्रश्न: कोणासाठी? उत्तर लंडनमधलं फ्रायर्न इस्पितळ १८५१चं. १९९३ला बंद झालं, आता तिथे महागडे फ्लॅट आणि एक राजेशाही नाव. तिथे कोण राहायचं याचा त्या नावात मागमूस नाही.

इटलीतल्या ट्रिएस्तेला वेगळं घडलं. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बसालिया यांनी आधी तिथल्या मनोरुग्णालयाची दारं उघडली, १९७८ला तर देशभर मनोरुग्णालयं बंद करणारा कायदा झाला. इमारती राहिल्या. त्या आवारात आज आरोग्यसेवा आहे, विद्यापीठ आहे, गुलाबाची बाग आहे, शहरातली माणसं फिरायला येतात. आधी माणसांची सोय झाली, मग इमारतींची. आपल्या चर्चेत हा क्रम उलटा आहे.

चौकस
शरयूताई, परवडणारी घरं हवीत हे मान्यच. पण ते बिल्डरशी भांडण झालं, जुन्या भिंती ठेवायचं कारण नव्हे. आणि ट्रिएस्ते सगळेच सांगतात, कारण दुसरं नाव पटकन आठवत नाही.

आभाळवाट
दुसरं नाव: टोरोंटो. क्वीन स्ट्रीटवरची १८५०ची इमारत १९७०च्या दशकात पाडली, आजही तिथे मानसिक आरोग्याचं रुग्णालयच आहे. आवाराच्या विटांच्या भिंतीचा काही भाग मात्र शिल्लक आहे. ती भिंत एकोणिसाव्या शतकात रुग्णांनीच बांधली, पगाराविना. ती राहावी म्हणून आवाज उठवणाऱ्यांत स्वतः उपचार भोगलेली माणसं होती. मला हा निकष पटतो. घुमट वास्तुविशारदाचा, भिंत रुग्णांची. एकच ठेवायचं तर मी भिंत ठेवीन.

जुनी वीट
सुंदर उदाहरण, पण त्यातून निघणारा निष्कर्ष सोयीचा आहे. धोबीखाना, शेत, स्वयंपाकघर, शिवणखोली, सगळीकडे रुग्णांनीच राबून इस्पितळं चालवली. मग 'रुग्णांची' वस्तू कुठली, हे पाडायच्या आधी कोण ठरवणार? न्यूयॉर्क राज्यातल्या विलार्ड इस्पितळात १९९५ला एका पोटमाळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक सुटकेसी सापडल्या. भरती होताना आणलेल्या, परत कधीच न उघडलेल्या. आता त्या राज्याच्या संग्रहालयात आहेत. पाडकामाच्या ठेकेदाराला पोटमाळे तपासायला वेळ देणारी निविदा मला दाखवा.

हिशेबी
तशी अट घालता येते, खर्चही फार नाही. मी तर आधी दफनभूमीची मोजणी घालीन. अमेरिकेतल्या जॉर्जियात मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयात सुमारे २५,००० रुग्ण पुरलेत. खुणेला नावं नव्हतीच, नुसते आकडे कोरलेले लोखंडी खुंट. १९६०च्या दशकात गवत कापायला अडचण होते म्हणून कामगारांनी तेही उपटले. तिथे ना बिल्डर होता ना बुलडोझर.

चौकस
दफनभूमी आणि पोटमाळे आधी, ही अट मला चालेल. बुरुजासाठी मात्र करदात्याचा पैसा नको.

शरयू
आणि जमिनीच्या किमतीतला वाटा उपचारांना, तोही करारात लिहून. तोंडी आश्वासन १९६३लाही होतंच.