एमएमओमध्ये आधी ग्राइंड, मग खेळ: यामुळे खेळाची मजा जाते का?

कोकणकडा

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा ग्रुप एखादा एमएमओआरपीजी (हजारो लोक एकाच ऑनलाइन जगात खेळतात तसा खेळ) सुरू करायच्या विचारात आहे. दोघे पुण्यात, एक सिंगापूरला, एक जर्मनीत. आठवड्याला सगळे मिळून फार तर सहा-सात तास जमतात, तेही शनिवार-रविवारी. फायनल फॅन्टसी १४, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि गिल्ड वॉर्स २ या तिघांवर गाडी अडली आहे.

वाचलं तिथे एकच तक्रार दिसते: खरा खेळ शेवटी आहे, आणि तिथवर पोचायला तेच राक्षस, तेच डन्जन (छोट्या गटाने लढत पार करायच्या जागा) शंभरदा करावे लागतात. दुसरी बाजू म्हणते की मेहनत नसेल तर मिळालेल्या गोष्टीला किंमत नाही. प्रश्न असा की असं ग्राइंड, म्हणजे तेच ते पुन्हापुन्हा, करून कंटेंट अनलॉक करायला लावल्याने हे खेळ मुळातूनच बिघडतात, की काही प्रकारचंच ग्राइंड वाईट असतं? आणि आमच्यासारख्या कमी वेळ असलेल्या ग्रुपला आधी कसं ओळखता येईल? "आवडीचा प्रश्न आहे" एवढंच उत्तर नको, जरा खोलात सांगा.

लोहगडी

ग्राइंड किती तासांचं आहे हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. पहिल्यांदा बघायचं ते कुलपाच्या मागे काय ठेवलंय. दिखाऊ वस्तू असेल, म्हणजे एखादा माउंट (स्वारीचा प्राणी), कपडे, किताब, तर हजार तास लागले तरी कुणाचं काही अडत नाही. ताकद असेल तर थोडं अडतं. पण कुलपामागे "मित्रांबरोबर खेळता येणं" असेल तर तो खेळ ग्रुपसाठी बिघडलाच म्हणून समजा, मग ग्राइंड दहा तासांचं का असेना.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे वॉवमधलं (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) जानेवारी २००७ चं बर्निंग क्रूसेड हे एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडलेला नवा भाग. सर्पंटश्राइन कॅव्हर्न या २५ जणांच्या रेडमध्ये (मोठ्या गटाने करायच्या अवघड मोहिमेत) शिरायची अट कशी होती बघा. आधी सेनारियन एक्स्पिडिशन या गटाबरोबर रेप्युटेशन (त्यांच्यातली आपली पत) रिव्हर्ड या वरच्या पायरीपर्यंत न्यायचं, तेव्हा हिरोइक, म्हणजे जास्त अवघड डन्जनची चावी मिळणार. त्या चावीने हिरोइक स्लेव्ह पेन्समध्ये जायचं, तिथल्या कैद्याकडून क्वेस्ट (नेमून दिलेली कामगिरी) घ्यायची. मग काराझानमधला नाइटबेन हा बॉस आणि ग्रूल हा दुसरा बॉस, दोघांना मारून त्यांच्याकडच्या मुद्रा आणायच्या. त्यापुढच्या हायजल रेडसाठी व्हॅश आणि केलथास या दोन शेवटच्या बॉसकडच्या कुप्या लागायच्या. ही साखळी गिल्डने (खेळाडूंच्या संघाने) एकदा पूर्ण करून भागत नसे, प्रत्येक खेळाडूला स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागे.

आता यात नेमकं काय मोडतं ते पाहा. २५ पैकी एक हीलर (सोबत्यांना बरं करणारा खेळाडू) सोडून गेला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस कितीही चांगला खेळत असला तरी त्याच्याकडे कुप्या नाहीत. म्हणजे उरलेल्या २४ जणांनी त्याच्यासाठी व्हॅश आणि केलथास पुन्हा मारायचे, ज्यातून त्यांना स्वतःला काही नको असतं. हे टाळायला गिल्ड दुसऱ्या गिल्डमधले अटी पूर्ण केलेले लोक फोडायच्या, आणि खालच्या पातळीवरच्या गिल्ड वारंवार रिकाम्या व्हायच्या. शेवटी मार्च २००८ च्या २.४ पॅचमध्ये हायजल आणि ब्लॅक टेम्पल या दोन्ही रेडची अट काढून टाकली. बॉस तेच राहिले, लढाया सोप्या झाल्या नाहीत, फक्त दार उघडं झालं.

म्हणून कुठलाही खेळ घेण्याआधी एक गोष्ट शोधा: चौघांपैकी एकजण महिनाभर गायब झाला, तर परत आल्यावर पहिल्याच शनिवारी तो तुमच्याबरोबर काय काय खेळू शकतो?

निवांत_हीलर

लोहगडींची कसोटी बरोबर आहे. ती फायनल फॅन्टसी १४ ला लावून दाखवते, कारण या खेळाबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

इथे जवळपास सगळं मुख्य कथेच्या क्वेस्टमागे बंद आहे. डन्जन, रेड, नवे प्रदेश, उडणं, सगळं. लेव्हल पुरेशी असून उपयोग नाही, कथेत तिथवर पोचावंच लागतं. चौघांपैकी एकाची कथा मागे असेल तर पुढच्या डन्जनसाठी त्याला घेऊन रांगेत उभंच राहता येत नाही. शिवाय कथेतला मोठा भाग एकट्याने करायचा आहे: संवाद, कटसीन, आणि पार्टीला प्रवेश नसलेल्या काही लढाया. "चला, चौघं मिळून सुरुवातीपासून खेळू" या अपेक्षेने येणारे ग्रुप इथेच निराश होतात. ऑगस्ट २०२० च्या ५.३ पॅचमध्ये सुरुवातीच्या कथेतल्या बऱ्याच भरताड क्वेस्ट काढल्या, तरी रस्ता लांबच आहे.

मग लोक टिकतात कसे? कारण याला लोक ग्राइंड म्हणत असले तरी पुनरावृत्ती फार कमी आहे. एक क्वेस्ट एकदाच करायची. आणि दुसरं म्हणजे ड्यूटी रूलेट. वरच्या लेव्हलच्या खेळाडूला रोज जुन्या डन्जनमध्ये गेल्याबद्दल बक्षीस मिळतं, त्याची लेव्हल आपोआप खाली आणली जाते, आणि पार्टीत कुणी पहिल्यांदाच आलेलं असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस. त्यामुळे २०१३ सालचं डन्जन करायलाही आज लोक मिळतात, आणि नवा खेळाडू कुणाला ओझं वाटत नाही. जुन्या कंटेंटला गर्दी राहील अशी सोय न करता कथा सक्तीची केली असती तर हा खेळ केव्हाच ओस पडला असता.

ताकदीचं गिअर (शस्त्रं, चिलखतं) मात्र कॅलेंडरला बांधलेलं आहे. सर्वांत वरचे टोमस्टोन (गिअर घ्यायचं चलन) आठवड्याला ४५० पेक्षा जास्त मिळत नाहीत, आणि छातीवरच्या एका चिलखताला ८२५ लागतात, म्हणजे दुसऱ्या आठवड्याशिवाय ते हाती येणार नाही. मोजणी मंगळवारी आपल्या दुपारी दीड वाजता शून्यावर येते. कमी वेळ असणाऱ्यांना ही मर्यादा सोयीचीच आहे: रोज आठ तास खेळणारासुद्धा ४५० वरच थांबतो.

घ्यायचंच ठरलं तर आधी मोफत ट्रायल वापरा. लेव्हल ७० पर्यंत आणि स्टॉर्मब्लड या एक्सपान्शनची कथा संपेपर्यंत वेळेची मर्यादा नाही. बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही आणि ३ लाख गिलच्या वर पैसे साठत नाहीत, पण कथेला त्याने अडत नाही. दोन गोष्टी जपा. एकदा पैसे भरून खातं पूर्ण केलं की ट्रायलवर परत जाता येत नाही. आणि मूळ खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानावर विकत घेतला तर पुढची एक्सपान्शनंही स्टीमवरच घ्यावी लागतात, हे चौघांनी आधीच ठरवून घ्या.

आठवी_पायरी

माझं मत थोडं वेगळं आहे. ग्राइंड हाच ज्या खेळाचा गाभा आहे, तिथे ते काढलं तर खेळच उरत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केप पाहा. कुठल्याही कौशल्यात ९९ ला पोचायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि त्याचा निम्मा टप्पा लेव्हल ९२ ला येतो. दर सात लेव्हलला लागणारी मेहनत साधारण दुप्पट होते. ऐकायला भयंकर वाटतं. पण हेच गणित उलटं वाचा: लेव्हल ७० ला फक्त ७,३७,६२७ एक्सपी लागतात, म्हणजे ९९ च्या सहा टक्क्यांहूनही कमी.

आणि कंटेंटची बरीच कुलपं त्या सहा टक्क्यांच्या आतच आहेत. प्रिफडिनस हे एल्फ लोकांचं शहर उघडणाऱ्या साँग ऑफ द एल्व्हज या क्वेस्टला आठ कौशल्यांत ७० लागतं: चपळाई, बांधकाम, शेती, वनौषधी, शिकार, खाणकाम, लोहारकाम, लाकूडतोड. ९९ कशातही नको. ७० ते ९९ हा प्रचंड पट्टा ज्याला हवा त्याच्यासाठी आहे. आवश्यक ग्राइंड वक्राच्या सपाट भागात आणि ऐच्छिक ग्राइंड चढाच्या भागात, ही रचना मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते.

शिवाय क्वेस्टने ग्राइंडला वळसा घालता येतो. वॉटरफॉल क्वेस्टला कुठल्याच कौशल्याची अट नाही, आणि बक्षीस म्हणून अ‍ॅटॅक आणि स्ट्रेंग्थमध्ये प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळतात. लेव्हल १ चा खेळाडू दोन्हींत थेट ३० वर. अडचण एवढीच की धबधब्यामागच्या गुहेत ८६ लेव्हलचे आगीचे राक्षस आहेत. त्यांच्याशी लढायचं नाही, खाणं घेऊन पळत सुटायचं. नकाशा वाचणाऱ्याला तासन् तास कोंबड्या मारायची गरज नाही. ज्ञानाने ग्राइंड कमी होत असेल तर ते ग्राइंड खेळाचा भाग झालं.

लोहगडी

@आठवी_पायरी, याला पूर्ण सहमत. तुमच्या उदाहरणात टोक दिसतं: ९९ झालं की त्या कौशल्याची लेव्हल संपली. घोळ होतो तो टोक नसलेल्या ग्राइंडमध्ये. वॉवच्या २०१६ च्या लीजन या एक्सपान्शनमध्ये प्रत्येकाच्या आर्टिफॅक्ट शस्त्रात शक्ती भरत राहायची होती. त्यातले पुढचे टप्पे इतके लांबवले होते की "पुरे झालं" असं म्हणायची जागाच नव्हती. मॉ ऑफ सोल्स हे डन्जन सर्वांत लवकर संपतं म्हणून लोक तेच पुन्हापुन्हा करत बसले, बाकीची चांगली डन्जन रिकामी. बरं, आर्टिफॅक्ट नॉलेज नावाचा गुणक आठवड्यागणिक वाढत होता, त्यामुळे आधी घाम गाळून मिळवलेली शक्ती नंतर येणाऱ्याला एक-दोन क्वेस्टमध्ये मिळे. आणि दुसरा कॅरेक्टर सुरू करायचा म्हटलं की सगळं पहिल्यापासून.

त्याच खेळात उडण्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०१५ मध्ये ड्रेनॉर या जगात उडायला सगळे प्रदेश पायी हिंडून, १०० खजिने शोधून, सगळ्या कथा संपवून, वर तीन गटांबरोबर रिव्हर्डपर्यंत रेप्युटेशन लागायचं. म्हणजे उडायची गरज संपली की पंख मिळायचे. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या एक्सपान्शनमध्ये ड्रॅगन सुरुवातीलाच मिळाला आणि नकाशाभर विखुरलेल्या ग्लिफ (हवेतली चिन्हं) गोळा करून त्याची ताकद वाढवायची होती. शोधाशोध तीच, पण ती उडता उडता करायची. ग्राइंड साधनाच्या आधी ठेवलं की शिक्षा वाटते, साधन हातात देऊन ठेवलं की माणूस आपणहून करतो.

आज वॉव बराच सुधारला आहे. २०१९ पासून पार्टी सिंकने मित्राच्या लेव्हलवर उतरून त्याच्या क्वेस्ट करता येतात, आणि ऑगस्ट २०२४ च्या वॉर विदिनपासून बरंचसं रेप्युटेशन संपूर्ण खात्याला लागू होतं. तरी नवीन सीझन आला की गिअर जुनं होतं, हे चक्र आहेच.

कोकणकडा

खूप उपयोगी माहिती, सर्वांचे आभार. "महिनाभर गायब होऊन परत आलो तर?" हा निकष लावला तर आम्हाला गिल्ड वॉर्स २ जवळचा वाटतोय. तिथे ग्राइंड कुठे आडवं येतं आणि सुरुवात कशी करावी?

वाळूवरचा_रॅप्टर

निवड योग्य आहे. २०१२ मध्ये खेळ आला तेव्हा कमाल लेव्हल ८० होती, आजही ८० च आहे. मासिक वर्गणी नाही. एक्झॉटिक या वरच्या दर्जाचं गिअर एकदा घेतलं की जगातला बहुतेक कंटेंट त्यावर चालतो. त्याहून वरच्या असेंडेडमध्ये आकड्यांचा फरक साधारण ५ टक्क्यांचा. मोठा खेळाडू खालच्या प्रदेशात आला की त्याची लेव्हल तिथल्यानुसार खाली येते, त्यामुळे चौघांच्या लेव्हल वेगळ्या असल्या तरी अडत नाही.

आडवं येतं ते तीन ठिकाणी. पहिलं, एलिट स्पेशलायझेशन, म्हणजे क्लासची (कॅरेक्टरच्या लढण्याच्या प्रकाराची) खास शाखा. प्रत्येकाला २५० हिरो पॉइंट लागतात आणि एक्सपान्शनच्या नकाशांवरचं एक आव्हान १० देतं, म्हणजे २५ आव्हानं. (ऑक्टोबर २०१५ मध्ये हार्ट ऑफ थॉर्न्स हे एक्सपान्शन आलं तेव्हा हे ४०० होतं. लोकांनी एवढा विरोध केला की थोड्याच दिवसांत २५० वर आणलं.) पाथ ऑफ फायर या दुसऱ्या एक्सपान्शनच्या नकाशांवरची आव्हानं आधी करा, ती बहुतेक एकट्याला जमतात. हार्ट ऑफ थॉर्न्समधल्या कित्येक आव्हानांत चॅम्पियन (एकट्याला जड जाणारे राक्षस) बसलेले असतात, ती शनिवारी चौघं असताना उरकायची. पॉइंट त्या त्या कॅरेक्टरपुरते असतात हे ध्यानात ठेवा. मास्टरी (शिकून मिळवलेल्या खास क्षमता) आणि माउंट मात्र पूर्ण खात्याचे.

दुसरं, फ्रॅक्टल, म्हणजे पातळीगणिक अवघड होत जाणारी छोटी डन्जन. वरच्या पातळीवर अ‍ॅगनी (तिथली खास इजा) सोसायला रेझिस्टन्स लागतो, अगदी वरती १५०, आणि तो भरायच्या जागा असेंडेड गिअरमध्येच असतात. असेंडेड शस्त्र स्वतः बनवायला गेलात तर मिथ्रिलियमसारखी काही सामग्री दिवसाला एकच तयार होते. घाई असेल तर त्यापासून बनलेलं डेल्ड्रिमॉर स्टील बाजारातून सरळ विकत घ्या. तिसरं म्हणजे ग्रिफन हा उडणारा माउंट. पाथ ऑफ फायरची कथा संपवून पुढच्या शोधात एकूण २५० गोल्ड जातात. पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागू नका, रॅप्टर हा जमिनीवरचा माउंट त्या कथेच्या पहिल्याच मिशनमध्ये मिळतो आणि बरेच दिवस पुरतो.

सुरुवात अशी करा. मूळ खेळ मोफत आहे, तोच चौघांनी उतरवून घ्या. खातं उघडताना सगळ्यांनी युरोपच निवडा. चीन वगळता उत्तर अमेरिका आणि युरोप असे दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींकडचे खेळाडू एकमेकांना भेटत नाहीत. सिंगापूरवाल्यांना पिंग (सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याचा उशीर) जास्त लागेल, त्यांना दुरून मारणारा क्लास द्या, रेंजर किंवा नेक्रोमॅन्सर. एक्सपान्शनबरोबर लेव्हल ८० चा बूस्ट (कॅरेक्टरला थेट ८० वर नेणारी सोय) मिळतो, तो पहिल्या कॅरेक्टरवर वापरू नका: सगळी कौशल्यं एकदम समोर येतात आणि कुठलं कशासाठी ते कळत नाही. पहिला कॅरेक्टर हाताने ८० ला न्या, मूळ क्लासच्या सगळ्या कौशल्यांना पुरतील एवढे हिरो पॉइंट लेव्हल वाढतानाच मिळतात. बूस्ट दुसऱ्या कॅरेक्टरसाठी, नाहीतर मागे राहिलेल्या भिडूसाठी ठेवा. एक्सपान्शन विकत घ्यायचा निर्णय चौघांपैकी दोघं तरी ८० ला पोचल्यावर घेतला तरी चालेल.