कांजिण्या आल्यात घरात, आणि नणंद सातव्या महिन्यात. तिला दुसरीकडं पाठवू का?

वडगावची वैनी:

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरातच चार माग आहेत, पुढच्या खोलीत माग आणि मागं आम्ही. काल रात्री थोरल्याच्या (वय ८) पोटावर दोन पुळ्या दिसल्या. मला वाटलं डास चावला. सकाळी बघते तर पाठीवर, काखेत, केसांतसुद्धा. टाचणीच्या डोक्याएवढ्या, आत पाणी, कडेनं लाल. ताप १०१.

सासूबाईंनी लगेच दारावर कडुलिंबाची डहाळी बांधली. म्हणूलाल्यात, देवी आल्यात, आंघोळ नाही, गोळी नाही, घरात फोडणी नाही. औषध दिलं की फोड आत जिरतात म्हणे. औंदा सौंदत्तीला जायचं राहिलं, त्याचंच हे, असं त्यांचं मत. फोडणीचं मी ऐकलं, गोळीचं ऐकणार नाही.

पण खरी काळजी वेगळीच आहे. धाकटी नणंद बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. आठ दिवस झाले, आणि हे पोरगं रोज तिच्याच कुशीत झोपूलालंय. मालक म्हणतात, तिला आजच चंदगडला थोरल्या नणंदेकडं सोडून येतो. तिथं दोन लहान पोरं आहेत. पाठवू का नको? माझी धाकटी तीन वर्षांची, तिला अजून काही नाही. कांड्या भरायला दोघी बायका येतात. आणि मागावरच्या आठ साड्या व्यापाऱ्याला द्यायच्यात, त्यातनं रोग जाईल का?

खानापूरची आक्का:

वैनी, मी तीस वर्षं सिस्टर होते, आता घरी आहे. आधी चंदगडची गाडी थांबवा.

पुळ्या दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पोरगं हा रोग पसरवत असतं. म्हणजे नणंदेला जे लागायचं ते लागून गेलंय. तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील तर संपर्कानंतर आठव्या दिवसापासनं एकविसाव्या दिवसापर्यंत ती दुसऱ्यांना देऊ शकते, आणि तुम्ही तिला दोन लहान पोरांच्या घरात नेऊन बसवणार. पोराला आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवा, पण घर तेच राहू दे.

पहिला प्रश्न एकच: तिला लहानपणी झाल्या होत्या का? तिच्या आईलाच विचारा, पण नीट विचारा. आपल्याकडं गोवर, कांजिण्या, देवी सगळ्याला “देवी आल्या” म्हणतात. पाणी भरलेले फोड होते का, खपल्या धरल्या का, ते विचारा. झाल्या असतील तर बहुतेक काळजी मिटली. आठवत नसेल तर आजच तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन करा, व्हॅरिसेला आयजीजी नावाची रक्ततपासणी असते. ती निगेटिव्ह आली, म्हणजे अंगात कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नसली, तर संपर्कापासून १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. पोटुशीला कांजिण्यांची लस चालत नाही, ती कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. फोनवर आधी सांगून जा, नाहीतर बाकीच्या गरोदर बायकांच्या रांगेत बसाल.

धाकटीला लस झालीय का बघा. संपर्कानंतर ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत टोचली तर रोग टळतो किंवा हलका येतो. गोवर-रुबेलाची टोचून घेतलीय म्हणून गप्प बसू नका, ती वेगळी. कांजिण्यांची सरकारी लसीकरणात नाही, खाजगीत घ्यावी लागते.

आणि एक विचारते. शाळेत कुणाला आहेत का? नसतील तर घरात कुणाला नागीण झाली होती का, गेल्या दोन-तीन आठवड्यांत?

औषधवाला, निपाणी:

मी मेडिकल चालवतो, तेवढ्यापुरतं सांगतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबानं, डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, कांजिण्यांत ते दिल्यानं मुलांच्या मेंदूवर आणि यकृतावर जिवावर बेतणारा परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही नको. माझ्याकडं लोक “तापाचं गोड सिरप द्या” म्हणून येतात, त्यातल्या काही बाटल्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. बाटलीवर वाचून घ्या.

खाजेला कॅलामाइन लोशन, कापसानं टिपून, चोळून नाही. नखं आजच कापा. रात्री हाताला पायमोजे घाला, पोरगं ओरडेल, पण खाजवून फोडलेल्या पुळीत पू झाला की व्रण राहतो. कोमट पाण्यानं आंघोळ घाला, सासूबाईंचा कडुलिंब पाण्यात टाका म्हणजे त्यांचंही समाधान. फक्त पाला अंगावर चोळू देऊ नका.

साड्या द्या बिनधास्त. हे पसरतं श्वासातनं आणि फोडाच्या पाण्यातनं. पोराला मागापाशी फिरकू देऊ नका म्हणजे झालं. त्याचं अंथरूण साध्या साबणानं धुऊन उन्हात टाका.

शहापूरचा मामा:

मोठ्या माणसांना हलकं घेऊ नका एवढंच सांगायला आलोय. मला ३४व्या वर्षी झाल्या, पोराकडनं. “लहान मुलांचा आजार” म्हणून दोन दिवस घरी बसलो, एका दवाखान्यात नुसती खाजेची गोळी देऊन परत पाठवलं. चौथ्या दिवशी दम लागायला लागला, फुप्फुसात उतरलं होतं. दहा दिवस ऑक्सिजनवर. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्यांना असायक्लोव्हिर (विषाणूवरचं औषध) पुळ्या आल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर खरा उपयोग. कांड्या भरणाऱ्यांना आणि तुमच्या मालकांनाही विचारा, कुणाला झाल्यात, कुणाला नाही.

वडगावची वैनी:

आक्का, नागिणीचं वाचून अंगावर काटाच आला. सासऱ्यांना तीन आठवड्यांमागं कमरेला नागीण झाली होती. दवाखान्यात गेले नाहीत, गेरू लावायचा म्हणाले. आणि तो गेरू वाटीत कालवून रोज संध्याकाळी आजोबांच्या पाठीला कोण लावत होतं? हाच. बोटानं, मोठ्या हौसेनं, चित्र काढल्यासारखा. शाळेत कुणालाच नाही, मी बाईंना विचारलं.

खानापूरची आक्का:

मग तेच. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो, म्हातारपणी नागीण होऊन उठतो. त्या फोडाचं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. सासूबाईंना एवढंच सांगा, सौंदत्तीची यल्लम्मा यात कुठं नाही. आणि दंडावरची देवीच्या टोचणीची गोल खूण दाखवून “मला काय होत नाही” म्हणत असतील तर ती देवीची, कांजिण्यांची नव्हे. देवीचा रोग देशात १९७५ नंतर राहिलाच नाही.

शाळेत कधी पाठवायचं ते लोक हमखास चुकतात. शेवटची पुळी सुकून खपली धरली की झालं, साधारण पाच-सात दिवस. खपली पडायची वाट बघायला नको. आणि ताप चार दिवसांवर गेला, पोरगं झोपाळू झालं, उलट्या करायला लागलं, चालताना झोक जायला लागला, दम लागला किंवा एखाद्या पुळीभोवती लाल होऊन सुजलं, तर रात्र असली तरी निघा.

वडगावची वैनी (अठरा दिवसांनी):

विचारत होता म्हणून लिहिते. नणंदेची तपासणी केली, आयजीजी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिला कधीतरी होऊन गेल्यात. सासूबाईंनी हात वर केले, “आठवत नाही, पाच पोरं होती.” नणंद माडीवर राहिली, ताट जिन्यात ठेवत होतो.

धाकटीला दुसऱ्याच दिवशी लस टोचली, दोन हजारांच्या आसपास गेले. तरी चौदाव्या दिवशी आल्याच, पण मोजून अकरा पुळ्या, ताप नाही, दिवसभर अंगणात. थोरल्याच्या मी मोजल्या नव्हत्या, पाठीवर बोट ठेवायला जागा नव्हती.

कांड्यावाल्या दोघींपैकी एकीला आठवेना झाल्या होत्या का, तिला तीन आठवड्यांसाठी घरी बसवलंय, अर्धी मजुरी देऊन. मालक कुरकुरले.

थोरला आठव्या दिवशी शाळेत गेला. कपाळावर एक खड्डा राहिलाय, पायमोजा एका रात्री काढला होता त्यानं. धाकटीच्या खपल्या परवा वाळल्या, तेव्हा काल सासूबाईंनी डहाळी उतरवली आणि स्वतःच तेल तापवून मोहरी टाकली. सासरे बाहेरनं ओरडले, “अगं, खिडकी उघड की, ठसका लागला!”