शिनजियांग: मुस्लिम देश गप्प म्हणून काही घडलंच नाही?

काही जण म्हणतात की चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुस्लिमांवरचे अत्याचार म्हणजे नुसता अमेरिकेचा प्रोपगंडा, खरं असतं तर मुस्लिम देश गप्प बसले असते का. अहो गप्प कुठे, चीनच्या बाजूने मतं टाकलीत त्यांनी! ऑक्टोबर २०२२ ला जिनिव्हात यूएनच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा करायची की नाही यावर मतदान झालं, ठराव १७ विरुद्ध १९ ने पडला, पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, यूएई सगळे विरोधात, सोमालियाने तेवढं बाजूने मत दिलं, आणि भारत तटस्थ. यातून चीनचा पैसा किती जड आहे ते कळतं, उइघुरांना डांबलेल्या छावण्यांत काय झालं ते नाही.

बरं, अमेरिका ठेवा बाजूला, चीनचंच बघा. ऑगस्ट २०१८ ला यूएनच्या समितीपुढे सांगितलं की असल्या छावण्या नाहीतच, आणि ऑक्टोबरात प्रांताचा नियम बदलून त्यांनाच 'व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रं' म्हणून कायदेशीर केलं. त्यांच्याच सरकारी आकड्यांत शिनजियांगचा जन्मदर २०१७ ला हजारी १५.८८ होता तो २०१९ ला ८.१४, दोन वर्षांत जवळजवळ निम्मा! आणि राहिले दावूत या उइघुर बाईंचं काय? उइघुर लोककथा आणि दर्ग्यांवर आयुष्यभर काम केलेल्या प्राध्यापक बाई, २०१७ ला गायब झाल्या आणि २०२३ ला कळलं की जन्मठेप झालीये. संताप येतो हो हे वाचून.

यूएनच्या २०२२ च्या अहवालात नरसंहार म्हटलेलं नाही हे मान्य, त्यावर खुशाल वाद घाला. पण मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं त्यात स्पष्ट लिहिलंय, तेवढं तरी वाचा आधी.