नवा ब्रिज घेण्याआधी स्क्रूंमधलं अंतर मोजा

इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो बॉडीवरचा धातूचा भाग) बदलायचा तर 'जुना ब्रिज काढा, स्टीलच्या ब्लॉकचा नवा त्याच सहा भोकांत बसवा' असा सल्ला दिला जातो, तो स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारच्या) बाबतीत दर वेळी जमत नाही. स्टीलच्या ब्लॉकमुळे (ब्रिजखाली बॉडीत उतरणाऱ्या ठोकळ्यामुळे) नोट जास्त घुमते, हे मलाही पटतं. पण जुन्या धाटणीच्या फेंडर ब्रिजमध्ये कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सुमारे ५६ मिमी असतं आणि आशियात बनलेल्या बऱ्याच स्वस्त गिटारांत ५२.५ मिमी. म्हणजे मधली भोकं जवळपास जुळतात, पण कडेचं प्रत्येक भोक पावणेदोन मिमीने चुकतं. स्क्रू जबरदस्तीने तिरके पिळले तर ब्रिज डुलताना घासतो आणि बार (ब्रिज हलवून सूर वरखाली करायची दांडी) सोडल्यावर तारा सुरात परत येत नाहीत. पुण्यात बोहरी आळीत साधा व्हर्निअर कॅलिपर सहज मिळतो, तो घेऊन आधी मोजाच. बॉडीची जाडीही बघा. पातळ बॉडीत पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो.

अंतर जुळत नसेल तर भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या आणि फेव्हिकॉलने बुजवून नव्याने पाडावी लागतात. हवा पावसाळी असेल तर गोंद नीट वाळू द्या, घाई नको. आणि मागच्या स्प्रिंगांच्या क्लॉला (स्प्रिंगा अडकवायच्या धातूच्या पट्टीला) डाग दिलेली एक बारीक वायर असते, तिला जपा. ती तुटली तर तारांना हात लावूनही अँप्लिफायरची गुणगुण कमी होत नाही.