अकरा महिने ‘फुकट खाल्लं’ म्हणणाऱ्यांना

आवकजावक: काल इथेच एकाने लिहिलं, ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षणवाल्यांनी अकरा महिने फुकट खाल्लं, आता परत मुदतवाढ हवी.’ रात्रभर डोकं तापलंय. माझी धाकटी बहीण पदवीधर, राज्य सरकारच्या याच योजनेत महिना 10,000 विद्यावेतनावर एका कार्यालयात होती. जमिनीच्या फेरफार नोंदींचे जुने गठ्ठे सोडायचे, गंजलेल्या टाचण्या उपसायच्या, एकेक पान स्कॅन करायचं. बोटांना टाचण्या टोचून टोचून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. हे फुकट? 2024 ला सहा महिने दिले, ओरड झाल्यावर पाच वाढवले. आता ती घरी, आणि गठ्ठे अर्धे तसेच.

उलटतपासणी: म्हणजे शिकली काय? टाचण्या काढायला? नाव ‘प्रशिक्षण’ आणि काम रिकाम्या पदाचं. ते पद भरा ना. मुदतवाढ दिली की भरती आणखी लांबणार, एवढं तरी कळतं का?

फिटर८०००: आयटीआय झालोय, कारखान्यात होतो. मशीनला हात लावू दिला नाही, खोकी मोजली. मालकाचं काय जातं, विद्यावेतन सरकारचं! 1961 च्या शिकाऊ कायद्यात निदान मालकाला खिशात हात घालावा लागतो. ही योजना वाढवाच, पण मालकाकडून निम्मे घ्या.

जुना हंगामी: अकराच महिने का, ते विचारा आधी. 240 दिवसांचं भूत! तेवढे भरले तर कायम करावं लागेल, ही भीती. आम्हाला दर 29 दिवसांनी ब्रेक द्यायचे.

उलटतपासणी: काका, अकरा महिने म्हणजे 330 दिवस. 240 कधीच ओलांडले. गणित तरी करा.

जुना हंगामी: गणित मला शिकवू नका. आदर्श स्थायी आदेशातलं, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांतलं, 4-सी कलम वाचलंय का? आमच्या वेळी बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कायम करावं लागायचं. त्यावरच आमच्यातले दोघे कोर्टातून कायम झाले. मी राहिलो, कारण माझे 231 भरले. नऊ दिवस!

फिटर८०००: पण काका, आम्ही ‘कामगार’च नाही. प्रशिक्षणार्थी. पीएफ नाही, किमान वेतन नाही. 240 काय न् 2400 काय.

जुना हंगामी: मग तुमच्यापेक्षा आम्ही बरे म्हणायचे. आम्हाला निदान चोरून तरी फसवायचे.

उलटतपासणी: धागा मुदतवाढीचा आहे, नऊ दिवसांचा नाही.

जुना हंगामी: तुमचे गेले असते म्हणजे कळलं असतं.

आवकजावक: भांडू नका. उलटतपासणी, भरती झाली तर मुदतवाढ कोणाला हवीय? जाहिरात कधी येते सांगा, हा धागा आत्ता बंद करतो.

उलटतपासणी: बरं बाबा, भरती होईपर्यंत वाढवा. पण पुढच्या निवडणुकीआधी भरती झाली तर टाचण्या मी स्वतः येऊन काढीन.

आवकजावक: या. इंजेक्शन घेऊन या.